मैत्रीण घरची कशी होते: खान्देशातील दोन घरांच्या अनुभवावरून

आमच्या अमळनेरच्या घरी श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, खान्देशातली देवी कानबाई बसते. घरातल्या माणसांच्या नावाने मुठीने मोजलेले गहू दळून त्यांचे रोट केले जातात आणि ते भाऊबंदांबाहेर कोणाला द्यायचे नाहीत, असा आमच्या घरचा नेम आहे. खान्देशातल्या पुष्कळ घरांत तो पाळला जातो. माझी मैत्रीण या दिवशी जवळजवळ दर वर्षी दोंडाईच्याहून येते. रात्री कानबाईची गाणी म्हणायला ती पुढे असते आणि सोमवारी सकाळी विसर्जनाला बोरी नदीपर्यंत आमच्याबरोबर चालत येते. पण पंगतीत रोट वाढायला घेतले की ती आपले ताट आपणहून बाजूला ओढून घेते आणि तिच्यासाठी वेगळी केलेली पुरणाची पोळी खाते. लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मला याचे फार वाईट वाटत असे. एकदा तर सासूबाईंना न विचारता मी तिच्या ताटात रोटाचा तुकडा ठेवलाही होता. तिने तो उचलून माझ्या ताटात परत ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "देवीच्या हिशेबात मला घालू नको गं. घरात आहे तेवढं पुरे."

जन्मभराची मैत्री घरच्या नात्यासारखी व्हावी, अशी इच्छा असणाऱ्यांना मी पहिली गोष्ट हीच सांगते. मैत्रीण कुळात येत नसते, ती घरात येते. या दोन्ही जागा वेगळ्या आहेत आणि त्यांची गल्लत केली की दोन्ही घरांना त्रास होतो. भाऊबंदकीतले स्थान जन्माने आयते मिळते, त्यासाठी काही करावे लागत नाही, म्हणूनच पुष्कळ भाऊबंद काही करतही नाहीत. मैत्रिणीचे घरातले स्थान मात्र कामाने तयार होते आणि कामानेच टिकते. ते काम कोणते, ते कसे करावे आणि कोठे थांबावे, हे आम्ही दोघी बहुतेक चुका करूनच शिकलो.

एकत्र घालवायचा वेळ

आम्ही दोघी यावल तालुक्यातल्या एकाच गावच्या. १९७८ साली आठवीच्या वर्गात आमची ओळख झाली, पुढे डी.एड.साठी जळगावला एकाच वसतिगृहात राहिलो आणि शनिवारी गावी जाताना भुसावळमार्गे एस.टी.त कितीतरी तास शेजारी बसून काढले. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा अंदाज मांडला आहे की, नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला सुमारे ५० तास, खरी मैत्री व्हायला सुमारे ९० तास आणि जिवलग मैत्री व्हायला २०० हून अधिक तास एकत्र घालवावे लागतात. आमचे दोनशे तास त्या एस.टी.तच भरले असतील, तेही बहुतेक उभ्याने. नोकरीच्या ठिकाणी नाइलाजाने एकत्र काढलेल्या तासांचा त्यासाठी फारसा उपयोग होत नाही, असेही त्या अभ्यासात आढळले आणि शाळेत तीस वर्षे नोकरी केल्यावर मला त्यात काही नवल वाटले नाही.

मात्र संसाराला लागल्यावर निवांत गप्पांसाठी वेळ मिळेल, अशी वाट पाहत बसू नये. तो मिळत नाही. त्याऐवजी जे काम एरवीही करायचेच आहे आणि एकटीने होत नाही, ते मैत्रिणीबरोबर करण्याचे ठरवावे. आमच्याकडे असे काम म्हणजे उन्हाळी वाळवण. ज्वारीच्या बिबड्यांचा घाटा गरम आहे तोवरच ओल्या कापडावर थापावा लागतो; एकीने घाटा ढवळायचा, दुसरीने थापायचे, तिसरीने कापड ओले करून अंथरायचे, असे चार-सहा हात असल्याशिवाय ते काम उरकत नाही, आणि ऊन चढण्यापूर्वी संपवायचे म्हणून पहाटे चारला उठावे लागते. गेली कित्येक वर्षे चैत्रात दोन दिवस ती माझ्याकडे येते आणि दोन दिवस मी तिच्याकडे जाते. सासरच्या मंडळींना या येण्याजाण्याचे कारण सांगावे लागत नाही, कारण कारण अंगणातल्या खाटेवर वाळत पडलेले दिसत असते. हात कामात असले की तोंडून अवघड गोष्टीही सहज निघतात. तिच्या नवऱ्याचे दारू पिणे मला घाटा ढवळतानाच कळले होते, समोरासमोर बसवून विचारले असते तर तिने ते कधीच सांगितले नसते. (ते पिणे पुढे सुटले, म्हणून येथे लिहिते आहे आणि तिला विचारून लिहिते आहे.)

मैत्री घराशी जोडावी

मुलींच्या मैत्रीची खरी परीक्षा लग्नानंतर असते, कारण तेव्हा दोन मैत्रिणींच्या मध्ये दोन सासरे, दोन सासवा, दोन नवरे आणि दोन गावे येतात. पुरुषांची मैत्री पारावर किंवा चहाच्या टपरीवर वर्षानुवर्षे निभते आणि घरात आलीच नाही तरी तिचे फारसे बिघडत नाही; बाईची मैत्री मात्र घरात शिरली नाही तर संपते. म्हणून मैत्रिणीच्या सासरी पहिल्यांदा जाताना भेटवस्तू मैत्रिणीसाठी नेऊ नये, तिच्या सासूसाठी न्यावी, आणि पहिला अर्धा तास सासूजवळच बसावे. मी पहिल्यांदा दोंडाईच्याला गेले तेव्हा घरच्या केळीची एक फणी आणि सासूबाईंसाठी लुगडे घेऊन गेले होते. आमच्या यावलकडची बोली वेगळी आणि तिच्या सासरची अहिराणी वेगळी, त्यामुळे सासूबाईंनी दारातच "कव्हय उनी वं माय?" (कधी आलीस गं बाई?) असे विचारले तेव्हा मला उत्तर द्यायला क्षणभर वेळ लागला. पुढच्या खेपेपासून मी मोडक्यातोडक्या अहिराणीत बोलू लागले, त्या पोट धरून हसत आणि चुका सुधारून देत. माझ्या अनुभवात या हसण्याने जे काम केले, ते कोणत्याही लुगड्याने केले नाही.

दोघींनी स्वयंपाकघरात कोपऱ्यात बसून कुजबुजणे हे सासरच्या घरात सर्वांत लवकर डोळ्यांवर येते, तेव्हा ते टाळावे. बोलायचेच असेल तर भाजी आणायला म्हणून बाजारात जावे. नवऱ्याची ओळख नुसती करून देऊन थांबू नये, दोन्ही नवऱ्यांचे एकमेकांशी स्वतंत्र नाते तयार होऊ द्यावे, त्यात आपण पडू नये. आमच्या दोघींच्या यजमानांचे सूत हिवाळ्यातल्या भरिताने जमले. शेतात कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्या पेटवून त्यावर भरिताची वांगी भाजायची, ती लाकडी बडगीत ठेचायची, आणि कळण्याच्या भाकरीबरोबर खायची, एवढाच कार्यक्रम असतो, पण वांगी कोणाकडची चांगली यावरून त्या दोघांत जो वाद चालतो तो आजतागायत मिटलेला नाही. मी तिच्या यजमानांना पहिल्या दिवसापासून 'दाजी' म्हणते, माझे यजमान तिला 'ताई' म्हणतात. ही हाक नीट ठरवावी आणि मग बदलू नये. नावाने हाक मारणे शहरात चालत असेल, आमच्या भागात परपुरुषाशी बोलण्याचा मार्ग नात्याच्या हाकेतूनच मोकळा होतो.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र आधी स्पष्ट बोलून घ्यावी. 'मावशी' म्हणवून घेणाऱ्या बाईला मुलांना रागावण्याचा अधिकार आहे की नाही? तो नसेल तर ती पाहुणी आहे, आणि असेल तर तो मुलांसमोर दिला पाहिजे. तिची मुलगी अकरावी-बारावीची दोन वर्षे आमच्याकडे राहून अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात शिकली. ती आली त्या दिवशी मैत्रिणीने सगळ्यांसमोर तिला सांगितले की, संध्याकाळी किती वाजता घरी यायचे ते मावशी ठरवील आणि त्याची तक्रार माझ्याकडे आणायची नाही. हे एक वाक्य त्या दिवशी उच्चारले गेले नसते तर ती दोन वर्षे पार पडली नसती, असे मला आजही वाटते.

खर्चाचा प्रश्नही तेव्हाच आला. पैसे घेतले असते तर आमचे घर खानावळ झाले असते आणि काहीच घेतले नसते तर तिच्या घरावर ओझे राहिले असते. आम्ही असे ठरवले की रोख रक्कम कोणी द्यायची नाही, धान्य द्यायचे. वर्षाचे दोन पोती गहू, तुरीची डाळ आणि दोंडाईच्याची लाल मिरची तिच्याकडून येई. कॉलेजची फी आणि पुस्तके मुलीचे वडील भरत. कपडे आणि आजारपण मात्र जिच्या घरी मुलगी असेल तिचे. मुलगी दुसऱ्याच्या घरी ठेवणाऱ्यांना मी हीच वाटणी सुचवीन, कारण धान्य घरात मिसळून जाते आणि त्याचा हिशेब कोणाच्या तोंडावर राहत नाही. तिचा आजारपणाचा खर्च मला एकदाच करावा लागला, टायफॉइडचा, आणि त्या अठरा दिवसांत ती मला मावशी म्हणायची सोडून नुसती 'माय' म्हणू लागली. बरी झाल्यावर पुन्हा मावशी.

आखाजी चुकवू नये

वर्षातला एक दिवस असा बांधून घ्यावा की जो कोणत्याही कारणाने मोडायचा नाही. आमचा दिवस आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. खान्देशात या सणाला सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाच्या झाडाला झोके बांधले जातात, गौराई बसते, सांजोऱ्या होतात, आणि पितरांच्या नावाने घागर भरली जाते. एकाच गावच्या मैत्रिणींना वर्षातून एकदा हमखास भेटवणारा याच्याइतका सोयीचा दिवस दुसरा नाही, कारण त्यासाठी सासरची परवानगी मागावी लागत नाही, सणच ती घेऊन येतो. ज्यांचे गाव वेगळे आहे त्यांनी आपला दुसरा दिवस शोधावा, परंतु तो वाढदिवसासारखा खासगी दिवस असू नये; सगळ्या गावाला ठाऊक असलेला असावा, म्हणजे तो टाळणे अवघड जाते.

या दिवसाचे मोल मला २००९ साली कळले. त्या वर्षी माझी आई गेली. वडील आधीच गेलेले होते आणि एकुलता भाऊ नोकरीनिमित्त पुण्याला स्थायिक झालेला होता, त्यामुळे गावातल्या घराला कुलूप लागले. पुढच्या आखाजीला जायचे कोठे, हा प्रश्न मी कोणापाशी बोलले नव्हते. सणाच्या दोन दिवस आधी मैत्रिणीचा धाकटा भाऊ आमच्या दारात उभा राहिला. हातात मोटारसायकलची चावी होती, खांद्यावर गमछा होता. मुऱ्हाळी म्हणून आलो आहे, आईने आणायला पाठवले आहे, असे त्याने माझ्या यजमानांना रीतसर सांगितले, चहा घेतला, आणि माझी पिशवी स्वतः उचलली. त्या वर्षीपासून तिचे माहेर ते माझे माहेर झाले. माझ्या आईच्या नावाची घागर मी कोठे भरावी, हाही प्रश्न होता. तिच्या आईने अंगणात तिच्या पितरांच्या घागरीपासून हातभर अंतरावर एक वेगळी घागर ठेवली. येथेही त्या म्हातारीने सरमिसळ केली नाही, शेजार दिला.

मैत्रिणीच्या माहेरचा असा मान मिळाला तर तो जपण्याची जबाबदारी मान घेणाऱ्यावर येते. भावजयीवर आपल्या पाहुणचाराचे काम पडू देऊ नये, पहिल्याच सकाळी कमरेला पदर खोचून चुलीपाशी जावे. भाऊबीजेला त्या भावाला ओवाळावे आणि ओवाळणी लहानशी राहील याची आपणच काळजी घ्यावी. मी ती ५१ रुपयांच्या वर कधी जाऊ दिली नाही. त्या घरातल्या वाटणीच्या, शेतीच्या आणि बांधाच्या गोष्टी सुरू झाल्या की उठून बाहेर जावे. मला दोन भावांपैकी कोणाचे बरोबर आहे हे चांगले ठाऊक होते, तरी मी मत दिले नाही, आणि आज दोघेही माझ्याशी बोलतात.

पैसा

पैशाबद्दल मी सविस्तर लिहिते, कारण आमची मैत्री येथेच जवळजवळ संपली होती. २०११ साली तिच्या यजमानांनी शेतात पाइपलाइन आणि ठिबक करण्यासाठी एका पतसंस्थेकडून कर्ज घेतले आणि माझ्या यजमानांनी जामीन म्हणून सही केली. सही करताना आम्ही दोघांनीही कागद वाचला नाही. घरच्या माणसाचा कागद काय वाचायचा, असा तेव्हाचा विचार. २०१२ साली पाऊस फसला, मिरची हातची गेली, हप्ते थकले, आणि ही गोष्ट आम्हाला तिच्याकडून न कळता आमच्या नावाने आलेल्या नोटिशीतून कळली. मी फोन केला आणि नको ते बोलले. तीही बोलली. त्यानंतर चौदा महिने आम्ही एकमेकींशी बोललो नाही आणि त्या वर्षीची आखाजी मी सासरीच केली.

यातून जे शिकलो ते असे. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. पैसे देणाऱ्या संस्थेने आधी कर्जदाराच्याच मागे लागले पाहिजे असे बंधन नसते, ती थेट जामीनदाराच्या दारात येऊ शकते. म्हणून जामीन राहायचे असेल तर ती रक्कम आपण स्वतः भरू शकू का, हे नवरा-बायकोने बसून आधी ठरवावे, आणि उत्तर नाही असेल तर त्याच दिवशी नाही म्हणावे. मैत्रीत नकाराने जेवढे बिघडते त्याच्या कितीतरी पट अधिक उशिरा कळलेल्या नोटिशीने बिघडते. जामीन राहिल्यास हप्त्याची पावती दर महिन्याला आपल्याला दाखवण्याची अट घालावी, आणि ही अट अविश्वासाची नाही हे कर्ज घेणाऱ्याने समजून घ्यावे.

हातउसने देताना बुडाले तरी आपला संसार हलणार नाही एवढेच द्यावे आणि बँकेतूनच द्यावे. एका वहीत तारीख आणि रक्कम लिहून दोघींनी सही करावी. साध्या उसनवारीची कायदेशीर वसुली तीन वर्षांच्या मुदतीत करावी लागते, ही माहिती असावी. वापरण्याची वेळ येऊ नये यासाठीच ती वही असते. कायमची मदत द्यायची असेल तर आणखी एक बाब लक्षात ठेवावी. प्राप्तिकराच्या कायद्यात नातेवाइकांची जी यादी आहे तिच्यात मैत्रीण बसत नाही, त्यामुळे बहिणीने दिलेल्या लाखभर रुपयांवर कर लागत नाही, परंतु नातेवाईक नसलेल्यांकडून एका वर्षात मिळालेल्या भेटी मिळून ५०,००० रुपयांपेक्षा जास्त झाल्या तर ती सगळी रक्कम घेणाऱ्याचे उत्पन्न धरली जाते. लग्नात स्वतःला मिळालेल्या आहेराला ही अट लागू होत नाही.

चौदा महिन्यांचा तो अबोला कसा सुटला, हेही सांगितले पाहिजे. मध्यस्थाने सुटला नाही. मध्यस्थ दोघे आले होते आणि त्यांनी इकडचे तिकडे सांगून भरच घातली. २०१४ साली तिच्या सासूबाई वारल्या. आमच्याकडे भांडण कितीही असो, दारावर जाणे चुकवत नाहीत. मी गेले, इतर बायांमध्ये बसले, सासूबाईंनी माझी अहिराणी सुधारलेली आठवून मला मनापासून रडू आले, आणि पैशाचा विषय ना तिने काढला ना मी. त्या घरी चूल पेटत नव्हती म्हणून दुसऱ्या दिवशी गावातल्या एका ओळखीच्या घरी राहून मी पिठले-भाकरी करून पाठवली, तिसऱ्या दिवशीही पाठवली. गंधमुक्ती झाल्यावर, पाहुणे पांगल्यावर, ती स्वतः हिशेबाची वही घेऊन आली. जामीन म्हणून आम्ही भरलेली रक्कम त्यांनी मिरचीच्या पुढच्या तीन पिकांतून फेडली. भांडणानंतर बोलायला निमित्त शोधत बसणाऱ्यांना माझे सांगणे असे आहे की, दुःखाचे निमित्त आले तर ते सोडू नये, पण त्या प्रसंगी भांडणाचा निकाल लावायला बसू नये. तो पुढे आपोआप लागतो, किंवा लागत नाही, दोन्ही चालते.

येथेच आणखी एक सावधगिरी सुचवते. घरे इतकी जवळ आली की लोक सोयरिकीची गोष्ट काढू लागतात: तिची मुलगी, तुमचा मुलगा, काय हरकत आहे? आमच्या जाती वेगळ्या, त्यामुळे हे बोलणारे थोडे होते, पण होते. मुलांनी आपल्या पसंतीने जमवले तर आडवे येऊ नये, मात्र आपण होऊन जमवू नये, असे माझे ठाम मत आहे. मैत्रिणी बरोबरीच्या असतात आणि विहिणी आमच्या समाजात अजून बरोबरीच्या झालेल्या नाहीत. मानपान, रुसवा आणि मुलीकडच्यांनी वाकायचे ही रीत एकदा मध्ये आली की चाळीस वर्षांची बरोबरी एका मांडवात मोडते. लग्नघरात मैत्रिणीची जागा वेगळीच आहे. माझ्या मुलीच्या लग्नात कोठीची किल्ली जावांपैकी कोणाकडे नव्हती, तिच्या कमरेला होती, आणि जावांनी ते मुकाट्याने मान्य केले, कारण तूप मोजून देणारी बाई त्यांनाही हवीच होती.

कागदावर मैत्रीण

२०१९ साली माझी शस्त्रक्रिया झाली तेव्हा मुलगा परगावी होता आणि यजमानांना रात्रीचे जागरण झेपत नव्हते. नऊ रात्री ती माझ्याजवळ राहिली. दवाखान्याच्या अर्जावर 'रुग्णाशी नाते' या रकान्यात तिने प्रेमाने 'बहीण' असे लिहिले आणि पुढे विम्याच्या कागदपत्रांत आडनावांवरून खुलासे देता देता माझ्या मुलाच्या नाकी नऊ आले. तेव्हा कागदावर खरे लिहावे, 'मैत्रीण' असेच लिहावे. तो शब्द कमी पडतो असे वाटून खोटे लिहू नये.

कायदा मैत्रीला अगदीच ओळखत नाही असे नाही, पण तो आपणहून ओळखत नाही, त्याला लिहून द्यावे लागते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे कोणतीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून मानसिक आजाराच्या उपचारांसाठी आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकते, आणि तो नातेवाईकच असला पाहिजे अशी अट नाही. एकट्या राहणाऱ्या बायांनी हे अवश्य करून ठेवावे. मृत्युपत्र केलेले नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ च्या वारसांत मैत्रिणीला काहीही मिळत नाही. तिला एखादा दागिना किंवा शिलाई मशीन जावे अशी इच्छा असेल तर दोन साक्षीदारांच्या सहीने ते लिहून ठेवावे आणि मुलांना आताच सांगावे, कारण मागाहून निघालेल्या कागदाने मुलांच्या मनात मावशीविषयी किल्मिष येते. अवयवदानाच्या १९९४ च्या कायद्यातही मैत्रीण 'जवळच्या नातेवाइकां'त मोडत नाही. जिव्हाळ्यापोटी तिला मूत्रपिंड देता येते, पण त्यासाठी प्राधिकार समितीपुढे जाऊन तो जिव्हाळा खरा आहे आणि पैशाचा व्यवहार नाही, हे पटवून द्यावे लागते. अशा वेळी जुने फोटो, पत्रे, मुलांच्या लग्नपत्रिका असले पुरावे उपयोगी पडतात. तेव्हा लग्नपत्रिका फेकू नयेत.

तिचा मुलगा आता सुरतेला उधन्यात असतो आणि वर्षातले चार-पाच महिने ती तिकडे असते. सुरत-भुसावळ मार्गावर अमळनेर आणि दोंडाईचा दोन्ही स्टेशने असल्यामुळे येणे-जाणे अवघड नाही, पण वय साठीच्या घरात आले की गाडी पकडण्याआधी दोनदा विचार होतो. या वयात एक व्यवस्था मुद्दाम करावी लागते, जिचा विचार बहुतेक जण करत नाहीत. घरात काही वाईट घडले तर भाऊबंदांना निरोप कोणी द्यायचा हे ठरलेले असते, मैत्रिणीला कोणी कळवायचे हे ठरलेले नसते, आणि तिला तिसऱ्या दिवशी कोणाच्या तरी बोलण्यातून कळते. आपल्या मुलांना तिचा नंबर द्यावा, तिच्या मुलांकडे आपला आहे की नाही ते पाहावे, आणि पहिल्या पाच फोनांत तो असावा असे स्पष्ट शब्दांत सांगावे. सांगताना मुले "काय आई, असं काय बोलतेस" म्हणतील, तरी सांगावे. माझ्या मुलाच्या मोबाइलमध्ये तिचा नंबर 'दोंडाईचा मावशी' या नावाने आहे. तिच्या मुलाच्या मोबाइलमध्ये माझा कोणत्या नावाने आहे, हे मी गेल्या आखाजीला त्याच्याकडून मोबाइल मागून घेऊन पाहिले. त्याने नुसते 'माय २' असे लिहिले आहे.